शिक्षकांचे मत आणि पक्षांचे राजकारण

शिक्षकाला राजकारणापासून दूर ठेवावे, असे समाज म्हणतो. राज्यघटनेने मात्र त्याला राजकारणात एक स्वतंत्र दार उघडून दिले आहे. घटनेच्या १७१व्या कलमानुसार, विधान परिषद असलेल्या राज्यांत परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा शिक्षक मतदारांनी निवडून द्यायच्या असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत अशा जागा ७ आहेत : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. शिक्षकांचे प्रश्न पक्षांच्या गदारोळात हरवू नयेत, ही यामागची अपेक्षा. ती कितपत पूर्ण झाली, हे पाहण्यासाठी मतदार कोण आणि त्याची नोकरी कोणाच्या हाती, हे आधी समजून घ्यावे लागते.

मतदार कोण?

माध्यमिक शाळेपेक्षा कमी दर्जा नसलेल्या संस्थेत गेल्या सहा वर्षांपैकी एकूण किमान तीन वर्षे अध्यापन केलेल्या व्यक्तीलाच या यादीत नाव नोंदवता येते. म्हणजे महाविद्यालयातील प्राध्यापक मतदार ठरतो. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील गुरुजी ठरत नाहीत. शिवाय विधानसभेची यादी येथे चालत नाही. प्रत्येक निवडणुकीपूर्वी यादी नव्याने तयार होते आणि अर्जासोबत संस्थाप्रमुखाचे सेवा प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंदणीची मोहीम ज्याची चांगली, त्याची निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते, असे यामुळेच म्हटले जाते.

मतपत्रिकेवर चिन्ह नसते. पसंतीक्रमाचे आकडे लिहून मत द्यायचे असते आणि पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही, तर दुसऱ्या पसंतीची मते मोजली जातात. म्हणून पक्षांपेक्षा शिक्षक संघटनांचे जाळे येथे दीर्घकाळ प्रभावी राहिले. तरीही विविध पक्षांनी कधी स्वतःचे, कधी पुरस्कृत उमेदवार देऊन हे मतदारसंघ आपल्या कक्षेत आणले आहेत.

नोकरीची दोरी

अनुदानित खासगी शाळेतील शिक्षकाचा पगार सरकार देते, पण नियुक्ती संस्था करते. अशा अनेक संस्थांचे चालक स्वतः एखाद्या पक्षाचे पुढारी असतात. नियुक्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. संचमान्यतेत पटसंख्या घटली, की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाची वाट पाहत बसतो. प्रत्येक टप्प्यावर ‘वरून शब्द टाकणारा’ कोणीतरी हवा, ही भावना येथूनच बळावते. मनमानी बडतर्फीपासून संरक्षण देणारा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा १९७७चा आहे आणि शाळा न्यायाधिकरणाकडे दादही मागता येते. मात्र न्यायाधिकरणाची वाट लांबची असते आणि पुढाऱ्याचे घर जवळ असते.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची स्थिती याहून बिकट आहे. ‘कायम विनाअनुदानित’ या धोरणातील ‘कायम’ हा शब्द २००९ साली वगळण्यात आला. परंतु अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी आणि प्रत्येक वेळी आंदोलनानंतरच पुढे सरकत राहिले. टप्पा जाहीर होणे आणि त्यासाठी निधीची तरतूद होणे, यांत महिने जातात. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षक पुन्हा याच मागणीसाठी बसले होते. पूर्ण पगाराची वाट पाहणाऱ्या माणसाचे मत आश्वासनाकडे झुकणे स्वाभाविक आहे.

प्राथमिक शिक्षकांना शिक्षक मतदारसंघाचा मार्ग बंद असला, तरी राजकारण त्यांच्या दारी येतेच. जिल्हा परिषद ही त्यांची नियोक्ता आणि सत्ताकेंद्रही आहे. बदल्यांसाठी शिफारसपत्रांची धावपळ दीर्घकाळ चालत असे. फेब्रुवारी २०१७च्या धोरणानंतर बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. सातारा, सांगली, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांतील शिक्षक बँकांच्या निवडणुका पॅनेल पाडून लढवल्या जातात. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे वगळता अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. म्हणजे मतदान केंद्रावरील तटस्थतेची जबाबदारीही याच शिक्षकांवर येते.

पेन्शनचा धडा

पक्षनिष्ठेपेक्षा सेवेचा प्रश्न किती भारी ठरतो, हे २०२३च्या सुरुवातीला दिसले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ती देणे राज्याच्या तिजोरीला झेपणारे नाही, असे विधिमंडळात सांगितले. जानेवारीत प्रचार रंगताच सत्ताधाऱ्यांचा सूर मवाळ झाला. निकालात नागपूर शिक्षक मतदारसंघातून महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर लढलेले सुधाकर अडबाले यांनी भाजप पुरस्कृत नागो गाणार यांचा पराभव केला. औरंगाबादमध्ये राष्ट्रवादीचे विक्रम काळे पुन्हा निवडून आले. कोकणात मात्र भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेकापचे बाळाराम पाटील यांना हरवले. एकाच मागणीने सर्वत्र एकच कौल दिला नाही. नोंदणी, संघटना आणि उमेदवाराचा संपर्क यांचेही वजन पडले.

मार्च २०२३ मध्ये शिक्षकांसह राज्य कर्मचारी संपावर गेले आणि समितीच्या आश्वासनानंतर परतले. ऑगस्ट २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जुनी योजना मिळाली नाही. पण प्रश्न टाळताही आला नाही.

शिक्षकाचे मत गुप्त आहे, त्याची नोकरी मात्र उघड्यावर आहे. मान्यता, अनुदान आणि बदली ही नियमाने आणि वेळेवर मिळू लागली, तर मत देताना त्याला उपकाराची परतफेड करावी लागणार नाही. तोवर शिक्षक मतदारसंघ हे शिक्षणाचे व्यासपीठ कमी आणि सेवाविषयक गाऱ्हाण्यांचे दालन अधिक, असेच चित्र राहील.