अन्नावरची वासना उडते तेव्हा

सगळ्या गटांतल्या ताया, वहिन्या, मावश्या, ऐकताय ना? आज हप्ता, व्याज, कर्जफेड यांतलं काही बोलणार नाही. आज जेवणाबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर न जेवण्याबद्दल.

आमच्या एका गटात एक वहिनी आहेत. नाव सांगत नाही, तशी अट त्यांनीच घातली आहे, आणि बाकीचं सांगायची परवानगीही त्यांनीच दिली आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, सगळं धरायच्या. पुढे पुढे तर उपास सोडायच्या दिवशीही चतकोर भाकरी पुढ्यात घेऊन बसायच्या आणि बाकीच्यांना आग्रह करकरून वाढत राहायच्या. आम्ही काय केलं? कौतुक केलं. हळदीकुंकवाला चारचौघींत म्हणालो, "निग्रह असावा तर वहिनींसारखा." वर्षभरात त्यांचे ब्लाऊज दोनदा आत घ्यावे लागले, केस गळाले, पाळी थांबली. आम्ही म्हणालो, उन्हातान्हाचं काम आहे, वय झालं. मग एका बैठकीत हप्त्याचे पैसे मोजता मोजता त्या खाली कोसळल्या. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "यांनी पोटभर शेवटचं कधी खाल्लं?" आम्ही दहाजणी होतो. एकीलाही सांगता आलं नाही.

पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया. आम्हाला वाटत होतं, हा शहरातल्या, सिनेमातल्या मुलींचा आजार. आमचं बी.ए. इतिहासातलं. म्हणून मग खोदत बसलो की हा आजार ओळखायला जगाला किती काळ लागला आणि तोवर कोणाकोणाचं काय झालं. ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, हा आजार मोबाईलच्या आणि टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी क्षयावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दोन रुग्ण असे नोंदवले की ज्यांना क्षय नव्हता, ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी माणूस खंगत चाललेला. एक अठरा वर्षांची मुलगी, दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. मॉर्टन यांनी कारण धरलं ते मनाचं, काळजीचं. मुलीनं औषधपाणी नाकारलं आणि ती दगावली. मुलाला अभ्यास सोडून खेड्यात राहायला पाठवलं, दुधावर ठेवलं, तो बराच सुधारला. म्हणजे अगदी पहिल्या नोंदीतच दोघांतला एक पुरुष आहे. हा बायकांचाच आजार म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण मॉर्टन यांचं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. लोकांना न जेवणारी बाई दिसली की दोनच गोष्टी सुचायच्या: एक तर ही देवाची लाडकी, नाहीतर ही ढोंगी. इटलीतल्या सिएना गावची कॅथरीन अन्न टाकत टाकत १३८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी वारली. पुढे तिला संत ठरवलं गेलं. आणि पाचशे वर्षांनी वेल्समध्ये जे घडलं, ते वाचून तर आम्हाला रात्री झोप लागली नाही.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी सारा जेकब. दहाव्या वर्षी आजारी पडली आणि नंतर १८६७ पासून ती काही खात नाही असं आईबाप सांगायला लागले. १८६९ मध्ये गावच्या धर्मगुरूनं वर्तमानपत्राला पत्र लिहून हा चमत्कार जाहीर केला. मग काय, रीघ लागली. लोक आगगाडीनं यायचे, स्टेशनवरून शेतातल्या घरापर्यंत चालत जायचे. पोरीला फिती-फुलांनी सजवून बिछान्यात ठेवलेली. लोक दर्शन घ्यायचे, पैसे ठेवायचे. आपल्याकडे असं काही झालं असतं तर आपणही नारळ घेऊन गेलो असतो, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही.

ती खरंच काही खात नव्हती का? अर्थातच खात असणार. इतके दिवस अन्नपाण्याशिवाय कोणी जगत नाही. चोरून, रात्री, कुणाच्या तरी हातून तिच्या पोटात काही जात असणार. पण ते सिद्ध करायचं ठरलं. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधून चार नर्सा आणल्या आणि ९ डिसेंबर १८६९ ला रात्रंदिवस पहारा सुरू झाला. नर्सांना सूचना अशी की, मुलीनं मागितलं तर खायला द्यायचं, आपणहून विचारायचं नाही. मुलगी मागेना. मागितलं असतं तर दोन वर्षांचा चमत्कार खोटा ठरला असता, आईबापांची मान खाली गेली असती. बारा वर्षांच्या पोरीनं ते ओझं उचललं. तिची प्रकृती खालावत चाललेली सगळ्यांना दिसत होती. पहारा उठवा, असं सांगूनही आईबापांनी ऐकलं नाही. १७ डिसेंबरला ती गेली. घरात अन्न होतं, चार नर्सा होत्या, डॉक्टर येऊन जात होते.

पुढे खटला झाला. बापाला बारा महिने सक्तमजुरी, आईला सहा महिने. शिक्षा झाली ती फक्त त्या दोघांना. ज्या शहाण्यासुरत्या मंडळींनी पहारा बसवला, ती घरी गेली. साराला नेमका कोणता आजार होता यावर आज निकाल देता येणार नाही. आम्हाला राहून राहून एवढंच वाटतं, की तिच्याभोवती पाहणारे इतके होते, आणि "बाळ, तुला काय होतंय?" हे विचारणारं कोणी नव्हतं. आमच्या दहाजणींचंही तेच झालं होतं.

त्याच गायज हॉस्पिटलमध्ये विल्यम गल नावाचे नामांकित डॉक्टर होते. त्यांनी १८७३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांपुढे अशा रुग्ण मांडल्या आणि ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी आठ बायकांबद्दल लिहिलं, वयं अठरा ते बत्तीस. म्हणजे पोरीसोरी नव्हेत, जाणत्या बायका. नावाचा अर्थ आपल्या भाषेत आधीपासून आहे: अन्नावरची वासना उडणं. गल यांनी उपचार सांगितला तो साधा. रुग्णाला भूक लागेल तेव्हा जेवेल असं म्हणून वाट बघू नका, ठरावीक वेळानं थोडं थोडं खायला घाला. त्यांच्या रुग्ण बऱ्या झाल्याची आधीची आणि नंतरची चित्रंही छापली आहेत.

लासेग यांनी घरातलं दृश्य अचूक पकडलं आहे. आधी घरचे विनवण्या करतात, मग धमक्या देतात. विनवण्या वाढतात तशी अन्नाची तिटकारीही वाढते. घरात दुसरा विषयच उरत नाही. आणि ती बाई म्हणत राहते, मला काही त्रास नाही, मग मी आजारी कशी? वहिनींच्या सासूबाईंना आम्ही हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हे आमच्या घरी येऊन लिहिलंय का?"

पण गल यांची एक गोष्ट आम्हाला पटत नाही. नातेवाईक हे सगळ्यांत वाईट शुश्रूषा करणारे, असं त्यांचं मत होतं. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांनी तेच धरून ठेवलं, घरच्यांपासून तोडा, आईचं चुकलं असेल. मध्ये काही दशकं तर हा मेंदूतल्या एका ग्रंथीचा रोग समजून औषधं दिली गेली. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी घरच्यांनाच उपचारात घेतलं, आणि लहान वयाच्या रुग्णांत त्याचा चांगला गुण आला.

आता एक गोष्ट पुरुषांची. दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ होते. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं सावरायचं, हे त्यांना शोधायचं होतं. शस्त्र धरायला नकार दिलेले छत्तीस धडधाकट तरुण स्वखुशीनं तयार झाले. १९४५ मध्ये चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं. हे तरुण मनानं अगदी ठणठणीत, पारखून घेतलेले. त्यांचं काय झालं पाहा. दिवसरात्र डोक्यात अन्न. पाकक्रियेची पुस्तकं जमवायला लागले (आमच्या घरच्या पुरुषांना हे सांगून पाहिलं, हसले). एकेक घास चघळत जेवण लांबवायचे, ताटं चाटायचे. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं, माणसांत नकोसं होणं. आणि मोकळेपणी खायला मिळाल्यावर काहींना पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना.

हे वाचलं आणि आम्हाला वहिनींचं आग्रहानं वाढणं आठवलं. कोणी किती भाकऱ्या खाल्ल्या हे त्यांना पाठ असायचं. म्हणजे वासना उडालेली नव्हतीच, दाबलेली होती. नावच चुकलं म्हणायचं. उपासमार स्वतःच मन बदलते, मग ते बदललेलं मन आणखी उपाशी ठेवतं. अशा माणसाला "जरा समजून घे गं" म्हणून उपयोग नसतो, कारण समजून घेणारा मेंदूच उपाशी आहे.

त्याच १९४५ सालानं आणखी एक धडा दिला. जर्मनीतल्या बेल्सन छळछावणीतून सुटलेल्या कैद्यांना सैनिकांनी मायेनं आपलं भारी अन्न दिलं आणि ते खाऊन कित्येक जण मेले. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात, हृदय बंद पडू शकतं. तिथे मग बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात वापरलेली तांदूळ-साखरेची पातळ पेज देऊन पाहिली. म्हणून सांगतो, कोणी खूप खंगली असेल तर घरी तूप-शिरा चारून धष्टपुष्ट करायला जाऊ नका. आधी दवाखाना, रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू.

बाकीचा इतिहास थोडक्यात. जेवण हाताबाहेर जाणं आणि मग ते उलटून टाकणं, या आजाराला १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी बुलिमिया नर्व्होसा म्हटलं. यात वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच राहतं, म्हणून घरात कळत नाही. उलटून न टाकता नुसतंच भरमसाट, एकांतात, लाज वाटत खाणं, हे अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये नोंदवलं होतं. त्याला अमेरिकेच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली २०१३ मध्ये. चोपन्न वर्षं लागली. तोवर त्या बायकांना खादाड म्हणत होते.

आणि एक गोष्ट आपल्या जवळची. १९९० च्या दशकात हाँगकाँगचे डॉक्टर सिंग ली यांनी दाखवलं, की त्यांच्या कितीतरी रुग्ण जाडीला भीतच नव्हत्या. त्या म्हणायच्या, पोट फुगतं, जेवण जात नाही, भूकच नाही. पुस्तकात लिहिलं होतं, जाडीची भीती असली तरच हा आजार. त्यामुळे अशा बायका निसटून जायच्या. आपल्या वहिनीही कधी "मी जाड आहे" म्हणाल्या नाहीत. "गॅस होतो," म्हणायच्या.

आता कोणी विचारेल, मग उपास करायचे नाहीत का? तसं नाही. उपास सोडला जातो, आजार सोडला जात नाही. आणि घरात धान्य नाही म्हणून उपाशी राहणं, सगळ्यांना वाढून तळाशी उरलेलं खाणं, हे वेगळं दुखणं आहे, त्याला मानसोपचाराची नाही, रेशनची आणि वाटणीची गरज आहे. पण ताटात अन्न असून हात जात नसेल, वजन उतरत असेल, पाळी बंद झाली असेल, चक्कर येत असेल, जेवल्या जेवल्या मोरीकडे जाणं वाढलं असेल, तर थांबू नका. मनाच्या आजारांत जीव घेणाऱ्यांमध्ये हा वरच्या क्रमांकाचा आहे.

मोठ्या माणसांसाठी उपचार आहे. इंग्लंडमधल्या २०१७ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत ॲनोरेक्सियाला बोलण्याच्या उपचाराच्या चाळीस आठवड्यांत चाळीसपर्यंत बैठका सांगितल्या आहेत, बुलिमियाला वीसच्या आसपास. नुसत्या गोळ्यांवर ॲनोरेक्सिया बरा करायला जाऊ नका, असंही म्हटलं आहे. बैठकांत जेवणाच्या वेळा ठरवतात, काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय आलं ते वहीत लिहायला सांगतात. चाळीस आठवडे म्हणजे नऊ-दहा महिने. आपल्या गावाहून दर आठवड्याला जिल्ह्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. आमच्या गटानं वहिनींच्या प्रवासासाठी अंतर्गत कर्जातून बिनव्याजी रक्कम काढली. दोघींनी विरोध केला, "जेवत नाही त्याला कर्ज कशाला?" त्यावर तासभर भांडण झालं. शेवटी ठराव झाला.

सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आशाताईंनाही विचारा.

वहिनी आता महिन्यातून दोनदा जातात. वहीत लिहितात. वजन थोडं चढलं, मध्ये पुन्हा उतरलं. मागच्या बैठकीत चहाबरोबर पोहे होते. त्यांनी ताटली घेतली आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "बघत नका बसू गं." आम्ही वह्यांत तोंड घातलं आणि हिशेबाला लागलो.