पडदा नवा, करार जुने

गेल्या वर्षी माझ्या गावच्या शाळेतून एका वर्गमित्राचा फोन आला. तो तिथे गणित शिकवतो. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेने संगणक-कक्षासाठी सहा नवे चपटे मॉनिटर घेतले होते. जोडून पाहतात तो चित्र पडद्याबाहेर सांडलेले. खालची टास्कबार निम्मीअधिक गायब, वरच्या कोपऱ्यातली खिडकी बंद करायची फुली अर्धी दिसते, काळा रंग राखेसारखा. दुकानदाराने एक मॉनिटर बदलून दिला, तर त्याचेही तेच. मुख्याध्यापक सगळे परत पाठवायच्या विचारात होते. परत घेण्याची मुदत दोन दिवसांत संपणार होती आणि वर्गणी देणाऱ्यांना काय सांगायचे, हा प्रश्न होताच. "अरे, तू शास्त्रज्ञ ना? मग सांग काय करायचं ते!"

मी भौतिकीत संशोधन करतो; मॉनिटर दुरुस्त करणे हा माझा धंदा नाही. पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. बदलून आणलेल्या मॉनिटरलाही तोच दोष होता. वस्तू सदोष असती तर दोष असे शिस्तीत, एकसारखे आले नसते. मी त्याला सांगितले, "काही परत पाठवू नकोस. काचेत काही बिघडलेले नाही."

मग बिघडले होते तरी कुठे? याचे उत्तर शोधायला आपल्याला जुन्या, पोटाळ दूरचित्रवाणी संचापर्यंत मागे जावे लागेल.

कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली कॅथोड किरण नलिका तयार केली. पुढे शंभरेक वर्षे दूरचित्रवाणी आणि संगणक या दोहोंचे पडदे याच तत्त्वावर चालले. नलिकेच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो, मानेभोवतीच्या वेटोळ्यांतल्या चुंबकीय क्षेत्राने तो वळतो आणि पडद्याच्या आतल्या लेपावर एकाखाली एक रेघा ओढत जातो. झोत जिथे पडेल तिथे लेप उजळतो. या पडद्याला 'पिक्सेल' नावाचे ठरीव घर नसते. झोत किती वळेल ते वेटोळ्यातल्या प्रवाहावर ठरते आणि प्रवाह कितीही बारीक फरकाने कमीजास्त होऊ शकतो.

इथेच अडचण होती. विजेचा दाब उतरला, संचातले सुटे भाग जुने झाले, की झोत कमी वळे आणि चित्र आक्रसे. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागायचा, त्याच वेळी गावातले सगळे दिवे लागायचे आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायच्या. कुणीतरी ओरडायचे, "स्टॅबिलायझर बघा!" चित्र आत ओढले गेले तरी कडेला काळे दिसू नये, म्हणून कारखानदारांनी पहिल्यापासून एक सोपा उपाय केला होता. चित्र मुळातच पडद्यापेक्षा थोडे मोठे ठेवायचे. कडा लाकडी चौकटीमागे लपतील. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. प्रक्षेपण करणाऱ्यांनाही हे ठाऊक असल्याने ते श्रेयनामावली आणि मथळे कडेपासून दूर ठेवत. कारखानदार आणि प्रक्षेपक यांच्यातला हा समजुतीचा करार म्हणायचा, आणि तो चांगला करार होता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले तेव्हा हा करार जगात रुळलेला होता.

संगणक घरात आला तो याच संचाच्या पाठीवर बसून. १९८० च्या दशकातले घरगुती संगणक घरच्या टीव्हीला जोडत. कडा कापल्या जाणार हे त्यांच्या रचनाकारांनी गृहीतच धरले होते. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे चित्र काढी आणि त्याभोवती रंगीत रुंद किनार सोडी. ती किनार शोभेची नव्हती. टीव्हीने कापायचे ते तिच्यातून कापावे एवढ्यासाठी होती. १९८४-८५ साली क्लास प्रकल्पातून भारतातल्या काही निवडक शाळांत आलेले बीबीसी मायक्रोही टीव्हीला जोडता येत.

आयबीएमने १९८७ साली व्हीजीए ही नवी पद्धत आणली आणि संगणकाने दूरचित्रवाणीशी काडीमोड घेतला. रुंदीत ६४० आणि उंचीत ४८० ठिपके, स्वतंत्र पंधरा पिनांची जोडणी, चित्र पूर्णपणे पडद्याच्या आत. पण काडीमोड घेतला तरी भांडीकुंडी सासरचीच राहिली. गणिताच्या शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. व्हीजीएमध्ये सेकंदाला २,५१,७५,००० ठिपक्यांची वेळ मोजली जाते. प्रत्येक रेघेला ८०० ठिपक्यांची वेळ लागते. त्यांतले ६४० दिसतात, उरलेला वेळ झोत उजवीकडून डावीकडे परतण्यात जातो. अशा रेघा ५२५. दिसतात ४८०, बाकीच्या वेळात झोत खालून वर जातो. आता भागाकार करा. सेकंदाला ३१,४६९ रेघा येतात आणि ५९.९४ चित्रे.

हे ५९.९४ कुठून आले? आजही नव्या मॉनिटरच्या यादीत '५९.९४ हर्ट्झ' दिसले की लोकांना वाटते, साठातले काहीतरी दुकानदाराने चोरले! अमेरिकेत दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेघांचे असे आणि विजेची वारंवारता ६० हर्ट्झ म्हणून पडदाही सेकंदाला ६० वेळा झाडला जाई. १९५३ साली तिथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली. घरोघरी असलेले कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत, ही अट होती. रंगाचा संदेश त्याच लहरींत कोंबल्यावर त्याची ध्वनीच्या संदेशाशी टक्कर होऊन चित्रावर जाळी दिसण्याची भीती होती. ध्वनीची जागा चित्राच्या लहरीपासून ४५ लक्ष हर्ट्झ दूर ठरलेली होती; ती हलवली तर जुन्या संचांचा आवाज बिघडला असता. म्हणून अभियंत्यांनी रेघांचा वेग किंचित घटवला आणि सेकंदाला ४५ लक्ष भागिले २८६, म्हणजे सुमारे १५,७३४ रेघा ठरवल्या. पूर्वी १५,७५० होत्या; हजारात एकाची घट. त्यामुळे ६० चे ५९.९४ झाले. व्हीजीएच्या ३१,४६९ ला दोनने भागा, तोच आकडा येईल. सत्तर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल संचांची ती सोय होती. आपल्या देशात तर दूरचित्रवाणी ६२५ रेघांची आणि ५० हर्ट्झची; आपला त्या ५९.९४ शी काही संबंध नव्हता. तो आला संगणकाच्या खोक्यातून.

व्हीजीएनंतर मोठमोठ्या चित्रांची स्पर्धा लागली आणि नवीच पंचाईत उभी राहिली. या मॉनिटरला काय झेपते, हे संगणकाला कसे कळावे? व्हीजीएच्या जोडणीत काही पिना ओळखीसाठी राखून ठेवल्या होत्या, पण त्यांवरून मॉनिटर रंगीत की एकरंगी यापलीकडे फारसे कळत नसे. उरलेले वापरणाऱ्याने सांगायचे. मी महाविद्यालयात असताना आम्ही लिनक्सच्या एका फाइलमध्ये हे आकडे हाताने लिहीत असू. चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर जळू शकतो, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात असे. मी एकदा रेघांचा वेग फार चढा लिहिला. मॉनिटरमधून बारीक शीळ ऐकू आली, चित्र वेडेवाकडे झाले आणि मी प्लगच उपटला. मॉनिटर वाचला. पडद्याची मांडणी बदलल्यावर संगणक आजही विचारतो, "हे ठेवायचे का?" आणि काही सेकंदांत उत्तर न मिळाल्यास जुन्या मांडणीवर परततो. आंधळ्या पडद्यापुढे बसलेल्या माणसासाठी केलेली ती तरतूद आहे.

१९९४ साली व्हेसा या उत्पादकांच्या संघटनेने यावर तोडगा काढला. मॉनिटरने आपली ओळख स्वतःच सांगावी. त्यासाठी प्रत्येक मॉनिटरमध्ये १२८ बाइटची एक छोटी कुंडली ठेवायची. तिचे नाव ईडीआयडी. ती वाचण्यासाठी नवी जोडणी काढली नाही. व्हीजीएच्याच बाराव्या आणि पंधराव्या पिनांवर दोन तारा कामाला लावल्या. कुंडलीत उत्पादकाची तीन अक्षरे, पडद्याची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये आणि झेपणाऱ्या चित्रांची यादी असते. जागेची इतकी काटकसर, की निर्मितीचे वर्ष एका बाइटमध्ये १९९० पासून मोजतात. ही गणती २२४५ पर्यंत पुरेल. काटकसरीची किंमतही मोजावी लागली. यादीच्या एका भागात रुंदी आठाने भागून लिहितात. पुढे १३६६ ठिपके रुंदीचे पडदे सर्रास आले आणि १३६६ ला आठाने पूर्ण भाग जात नाही! त्या भागात १३६० लिहा नाहीतर १३६८. खरी रुंदी लिहायला दुसरा भाग वापरावा लागतो. तिथे घोटाळा झाला की नव्या पडद्यावर अक्षरे किंचित पुसट दिसतात आणि लोक काच पुसत बसतात.

कॅथोड नलिकेला ठरीव घरे नव्हती, म्हणून तिला कुठलाही आकार चाले. चपट्या पडद्याला घरे असतात आणि ती मोजून दिलेली असतात. १९२० गुणिले १०८० घरांच्या पडद्याला तेवढ्याच ठिपक्यांचे चित्र मिळाले तरच ते स्वच्छ दिसते.

आता शाळेकडे परत जाऊ. २००२ साली एचडीएमआय आली. ती मुख्यतः दूरचित्रवाणी संचांसाठी होती, पण पुढे संगणकाच्या मॉनिटरांनीही ती स्वीकारली. अशा रीतीने काडीमोड झालेली दोन घराणी पुन्हा एका तारेत आली. १९२० गुणिले १०८० हे मॉनिटरचे चित्र आहे आणि टीव्हीचेही. ते एचडीएमआयवरून आले, की काही मॉनिटर समजतात की टीव्हीचे चित्र आले, आणि जुन्या कराराप्रमाणे ते थोडे फुगवतात. चपट्या पडद्यावर कुठला झोत आक्रसत नाही, लपवण्यासारखी कड नाही, तरी करार पाळला जातो. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापले गेले तर वरून-खालून २७-२७ ओळी जातात. शाळेतल्या संगणकांची टास्कबार ४० ओळींची. तिच्यातल्या २७ गेल्या. निम्मीअधिक गायब, हे मित्राचे वर्णन अचूक होते. याच्या उलटही घडते. कधी संगणकच कड कापली जाणार या भीतीने चित्र लहान करून पाठवतो, मॉनिटर मात्र काही कापत नाही, आणि चहूकडे काळी चौकट उरते.

राखेसारख्या काळ्याचेही असेच. चित्राचे आकडे ० ते २५५ असतात. पण १९८२ साली दूरचित्रवाणीचे संदेश अंकांत कसे मांडावेत हे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले तेव्हा काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ दिले. तारेतला संदेश उसळला तर सामावायला दोन्ही टोकांना जागा ठेवली होती. संगणक टीव्हीच्या हिशेबाने १६ पाठवतो, मॉनिटर संगणकाच्या हिशेबाने वाचतो, आणि काळे राखाडी होते.

फोनवर मी मित्राला मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत शिरायला सांगितले. चित्राच्या आकाराच्या पर्यायांत ओव्हरस्कॅन चालू होते, ते बंद केले. हे नाव प्रत्येक मॉनिटरवर वेगळे असते. कुठे एकास-एक, कुठे नुसते पीसी. मग संगणकाच्या बाजूने रंगांची व्याप्ती मर्यादितऐवजी पूर्ण केली. पाच मॉनिटर वीस मिनिटांत ठीक झाले.

सहावा काही ऐकेना. त्याची तक्रारच निराळी होती. मित्राने वर्तुळ काढले की लंबवर्तुळ दिसे, अक्षरे पुसट. रविवारी मी शाळेत गेलो. तो मॉनिटर जुन्या संगणकाला जुन्या व्हीजीए तारेने जोडला होता. तारेचे टोक पाहिले तर बारावी आणि पंधरावी पिनच नव्हती. स्वस्त तारांत त्या गाळतात. कुंडली वाचता न आल्याने संगणक बिचारा सुरक्षित म्हणून १०२४ गुणिले ७६८ चे चित्र पाठवत होता. रुंदीत ते १.८७५ पट ताणले जाई, उंचीत १.४०६ पट. एकाला दुसऱ्याने भागले तर चार तृतीयांश येतात. मित्राने पडद्यावर पट्टी ठेवून लंबवर्तुळाचे दोन्ही अक्ष मोजले, तेवढेच भरले. पूर्ण पिनांची तार लावल्यावर वर्तुळ वर्तुळ झाले.

लिनक्समध्ये ही कुंडली एका फाइलमध्ये वाचता येते. कक्षातल्या एका संगणकावर लिनक्स होते, म्हणून नववीच्या मुलांना त्यातले १२८ आकडे उतरवून दिले. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्यांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. वाचताना चूक झाली तर लगेच कळते. पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा बाकी ९ उरली. फळ्यावर दोन गट पडले, एकाने मॉनिटरला दोष दिला, दुसऱ्याने उतरवणाऱ्याला. पुन्हा पडताळले तेव्हा एका मुलीने ५४ च्या जागी ६३ लिहिल्याचे सापडले. मग मुलांनी पट्टीने पडदा मोजला. कुंडलीत ४८ आणि २७ होते, पट्टीवर ४७.६ आणि २६.८ भरले.