मेहर (रेवदंडा–चौल)

मेहर : निकाहाच्या करारानुसार वराने वधूला द्यावयाची रक्कम, दागिने वा मालमत्ता. त्यावर मालकी वधूची. तिच्या वडिलांचा किंवा सासरच्यांचा त्यावर हक्क नसतो. अलिबाग तालुक्यात (जि. रायगड) कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेले रेवदंडा व लगतचे चौल हा कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्तीचा भाग. हा समाज प्रामुख्याने सुन्नींतील शाफिई या न्यायपंथाचा असल्याने येथील नियम राज्यातील बहुसंख्य हनफींहून काही बाबतींत वेगळे ठरतात.

पूर्वपीठिका : अरबी लेखकांचे सैमूर म्हणजे चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बगदादचा लेखक अल्-मसूदी हि. स. ३०४ (इ. स. ९१६–१७) मध्ये सैमूरला आला. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सु. १०,००० मुसलमान त्याने नोंदविले. येथे जन्मलेल्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. मुसलमानांच्या प्रमुखास ‘हुनरमन’ म्हणत. झंझ या शिलाहार राजाच्या काळात मुसलमानांचे आपसांतील व्यवहार या हुनरमनकडे जात. विवाहाचे करारही त्यांत येत असावेत. पुढील काळात हे काम काझींकडे आले. १८६४ च्या कायद्याने सरकारी काझीपद रद्द झाले. १८८० च्या काझी अधिनियमाने नेमणुका पुन्हा शक्य झाल्या, मात्र त्यांत न्यायदानाचा अधिकार नव्हता.

नियम : हनफी मतानुसार मेहर किमान १० दिरहम (सु. ३०.६ ग्रॅम चांदी) असावा लागतो. शाफिई मतात किमान मर्यादा नाही. मूल्य असलेली कोणतीही वस्तू, कुराण शिकविण्यासारखी सेवासुद्धा चालते. रक्कम ठरली नसली तरी निकाह वैध राहतो आणि वधूच्या माहेरच्या स्त्रियांना ठरलेल्या मेहरच्या मानाने ‘मेहर-ए-मिस्ल’ देय होतो. शरीरसंबंधापूर्वी पतीने तलाक दिल्यास ठरलेल्या मेहरच्या निम्मा द्यावा लागतो (कुराण २ : २३७). नुसत्या एकांताने पूर्ण मेहर देय होतो, हे हनफी मत शाफिईंमध्ये सामान्यतः ग्राह्य नाही. शाफिई मतात कुमारिकेच्या निकाहास वली (पालक) लागतो. तथापि महंमद इब्राहिम वि. गुलाम अहमद (१८६४) या मुंबईच्या खटल्यात, हनफी पंथ स्वीकारलेली सज्ञान शाफिई मुलगी वडिलांच्या संमतीविना निकाह करू शकते, असा निर्णय झाला.

प्रकार : मुअज्जल (मागताक्षणी देय) व मुवज्जल (ठरलेल्या मुदतीने, अथवा तलाक वा मृत्यूनंतर देय). ‘मेहर-ए-फातिमी’ सामान्यतः ५०० दिरहम, म्हणजे भारतातील रूढ हिशेबाने १३१ तोळे ३ मासे (सु. १,५३१ ग्रॅम) चांदी, असा धरतात; मात्र या आकड्याबाबत मतभेद आहेत.

नियोजन : रुपयांत ठरविलेल्या मुवज्जल मेहरचे मोल महागाईने घटते, म्हणून तो सोने वा चांदीच्या वजनात ठरविणे सोयीचे. निकाहनाम्यात एकूण मेहर, पोचलेला भाग, उरलेला भाग व मुदत स्वतंत्रपणे लिहावी. सासरकडून घातलेले दागिने मेहर की भेट, हेही नोंदवावे. पुढील तंटे बहुधा येथूनच उद्भवतात. मेहरपोटी वाडी वा घर दिल्यास नोंदणीकृत दस्त करावा. पत्नी राजीखुशीने मेहर सोडू शकते. दबावाने घेतलेली माफी ग्राह्य नसते.

कायदा : न फेडलेला मेहर हे पतीवरील कर्ज असून वारसांच्या वाटपाआधी ते फेडावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने कपूरचंद वि. किदर निस्सा (१९५३) खटल्यात त्यास इतर विनातारण कर्जांच्या बरोबरीचे मानले. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ च्या व्याख्येतून मेहर वगळला आहे. १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्क संरक्षण) अधिनियमानुसार घटस्फोटितेस मेहर मागता येतो. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुस्लिम कौटुंबिक कायद्याच्या २०१४ च्या मसुद्यात वराच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतका किमान मेहर सुचविला.

विधी : निकाहात खुतबा (प्रवचन) आणि दोन साक्षीदारांसमोर इजाब-कबूल (प्रस्ताव व स्वीकार) होतात. मेहरची रक्कम त्या वेळी जाहीर होते.

तुलना : बेथ एल हे सिनेगॉग असलेल्या रेवदंड्यातील बेने इस्रायल ज्यूंमध्ये पत्नीला द्यावयाच्या रकमेची हमी केतुबा या विवाहपत्रात असते.