‘न’ की ‘ण’?

चांदनी चौक हे नाव अनुवादात मला दोनदा अडवतं. मराठीत चांदणी म्हणजे तारका. आणि दिल्लीतला हा चौक म्हणजे लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सरळ रस्ता. शाहजहानची मुलगी जहानआरा हिने १६५०च्या सुमारास इथे चौक बांधवून घेतला. मधे हौद, रस्त्यातून वाहता कालवा. पाण्यात चांदणं पडे म्हणून चांदनी, असं सांगतात. पुढे चौकाचं नाव अख्ख्या रस्त्याला लागलं. १८५७नंतर इंग्रजांनी जहानआराची सराई पाडून टाउन हॉल बांधला. हौदाच्या जागी घंटाघर आलं, तेही पुढे कोसळलं. कालवा बुजला. पाणी आता नावातच आहे. प्रवासी पराठेवाली गली विचारत येतात. पराठे मीही खाते. पण मुद्रितात ‘न’चा ‘ण’ झालेला दिसला, की तो खोडतेच.