रेड क्लाउड : नावांखाली दडलेले एक गाव

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या दक्षिण सीमेलगत, रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात, रेड क्लाउड नावाचे एक लहानसे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या हजाराच्याही आत भरली. अशा गावाची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी याचे कारण एकच : विला कॅथर हिचे बालपण येथे गेले. तिच्या कादंबऱ्यांतून हे गाव नाव पालटून पुन्हा पुन्हा भेटते. 'द साँग ऑफ द लार्क' (१९१५) मध्ये ते मूनस्टोन होते, 'माय अँतोनिया' (१९१८) मध्ये ब्लॅक हॉक, तर 'अ लॉस्ट लेडी' (१९२३) मध्ये स्वीट वॉटर.

परंतु मूळ नाव तरी गावाचे स्वतःचे कुठे आहे? १८७१ च्या सुमारास सायलस गार्बर व त्याचे सहकारी येथे वसले आणि ओग्लाला लकोटांचा नेता रेड क्लाउड याचे नाव त्यांनी वसाहतीला दिले. वास्तविक या खोऱ्यात नांदत होते ते पॉनी लोक, म्हणजे लकोटांचे जुने वैरी. १८०६ साली झेब्युलॉन पाइक त्यांच्याच गावात येऊन गेला होता. १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉनींना नेब्रास्का सोडून इंडियन टेरिटरीत जावे लागले. ज्यांची भूमी गेली त्यांच्या वैऱ्याचे नाव त्या भूमीवर उरले, हा इतिहासाचा क्रूर विनोदच म्हणावा लागेल.

पुढे रेल्वे आली, १८८५ मध्ये ऑपेरा हाउस उभे राहिले. गार्बर राज्याचा गव्हर्नर झाला. १८९३ च्या मंदीत त्याची बँक बुडाली. त्याची पत्नी लायरा हीच 'अ लॉस्ट लेडी'च्या नायिकेमागची मूळ व्यक्ती. व्हर्जिनियाहून १८८३ साली नऊ वर्षांची कॅथर येथे आली आणि १८९० साली शिक्षणासाठी लिंकनला गेली. या अल्प वास्तव्यात तिने गावाची प्रतवारी अचूक टिपली. एका बाजूला प्रतिष्ठित इंग्रजीभाषक व्यापारी कुटुंबे, दुसऱ्या बाजूला त्यांच्या घरी राबणाऱ्या बोहेमियन, स्वीडिश, नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या मुली. अँतोनिया घडली ती अशाच एका मोलकरणीवरून, अ‍ॅना साडिलेक हिच्यावरून.

आज चित्र उलटले आहे. ज्या मुलींना गावाने खालचे स्थान दिले, त्यांच्याच कथेवर गाव तगून आहे. मिल्ड्रेड बेनेट यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये कॅथरच्या स्मृतीसाठी संस्था स्थापन झाली. २००३ मध्ये ऑपेरा हाउस पुन्हा खुले झाले. सहाशेहून अधिक एकर मूळ गवताळ रान राखले गेले. स्वतः कॅथर मात्र न्यू हॅम्पशायरमधील जॅफ्री येथे विसावली आहे.

साहित्य गाव वाचवते, हे आम्हांस मान्य आहे. पण ते कोणते गाव वाचवते? 'माय अँतोनिया'त एक प्रसंग आहे : बर्फ पडल्यावर गवतातील एक मोठे वर्तुळ स्पष्ट दिसू लागते. तेथे पूर्वी इंडियन लोक घोडे फिरवीत, एवढेच आपल्याला कळते, आणि कथा पुढे जाते. पॉनींच्या वाट्याला त्या कादंबरीत नावदेखील येत नाही. कॅथरने स्थलांतरितांना वाचा दिली, हे तिचे थोरपण निर्विवाद आहे. तथापि त्या वर्तुळापाशी क्षणभर थांबणे, हे तिच्या आजच्या वाचकाचे काम आहे असे आम्हांला वाटते.