पगडी, बस आणि गुरुप्रसाद

गावाकडे कुणी पंढरीची माळ घातली की त्याचे ताट बदलते. मटण सुटते, एकादशी येते, आणि पाय घसरलाच तर चारचौघे हटकतात, "अहो, गळ्यात माळ आहे ना?" माझे आजोबा माळकरी होते. इंग्लंडात आल्यावर शिखांची रेहत मर्यादा, म्हणजे त्यांची आचारसंहिता, मला परकी वाटली नाही ती त्यामुळेच. ती पाळण्यापायी इथे मिडलंड्समध्ये १९६७ ते १९६९ या काळात केवढे रामायण घडले, हे मात्र आपल्या मंडळातल्या अनेकांना ठाऊक नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

गुरू गोविंदसिंगांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथ स्थापन केला. लोखंडी कढईत पाणी आणि बत्तासे, दुधारी खंड्याने ढवळून केलेले अमृत, आणि ते प्रथम घेणारे पाच प्यारे. त्यांतले साहिबसिंग आपल्या शेजारच्या बीदरचे. परंपरा सांगते की ते जातीने न्हावी होते! केसाला कात्री न लावण्याचे व्रत पहिल्याच दिवशी घेणाऱ्यांत एक न्हावी असावा, याची मला मोठी गंमत वाटते.

आज सर्वत्र मानली जाणारी रेहत मर्यादा अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये अंतिम स्वरूपात संमत केली. केस, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण हे पाच ककार आपल्याला दिसतात. पण पहाटे उठून नामस्मरण, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या बाण्यांचे पठण, कष्टाची कमाई, तिचा दहावा हिस्सा दान, तंबाखू वर्ज्य, परस्त्री-परपुरुष वर्ज्य, हे सारेही त्याच आचारात येते.

आता प्रश्न असा, की एवढे पाळले म्हणजे देवाची कृपा पदरात पडते का? माळेबद्दल हाच प्रश्न मी लहानपणी आजोबांना विचारला होता. ते म्हणाले होते, "माळ ही काय विठोबाला दिलेली लाच आहे?" शीख विचारही याच्या जवळचा आहे. गुरू नानकांच्या मूलमंत्राचा शेवट 'गुरप्रसाद' या शब्दाने होतो. परमेश्वर कळतो तो गुरूच्या कृपेने. तिलाच 'नदर' असेही म्हणतात, म्हणजे कृपेची नजर. ती मोजून विकत मिळत नाही. मग आचार कशासाठी? मला वाटते, शेत नांगरून ठेवावे तसा. पाऊस आपल्या हातात नाही, नांगरणी आहे.

रेहतीतले मला सर्वांत आवडणारे कलम चुकणाऱ्यांविषयीचे आहे. नियम मोडणाऱ्याने संगतीपुढे उभे राहून चूक कबूल करायची. त्याला 'तनखाह' सांगितली जाते, आणि ती शक्यतो हाताने करायची सेवा असते, जसे जोडे पुसणे किंवा भांडी घासणे. संगतीने क्षमा करताना हट्ट धरू नये, आणि चुकलेल्यानेही शिक्षेबद्दल कुरकुर करू नये, अशी दोन्ही बाजूंना ताकीद आहे. परतीची वाट उघडी ठेवलेली आहे.

ही वाट वुल्व्हरहॅम्प्टनच्या गोष्टीत महत्त्वाची ठरते. पन्नास-साठच्या दशकांत इथे आलेल्या पुष्कळ शिखांनी नोकरीसाठी केस कापले, दाढी काढली. त्यांना दोष देणे सोपे आहे; थंडीत काम शोधत फिरलेला माणूस तो देणार नाही. तरसेमसिंग संधू हे असेच गुळगुळीत दाढी करून तिथल्या नगरपालिकेच्या बसवर चालक म्हणून लागले. १९६७ च्या उन्हाळ्यात आजारपणाची रजा संपवून ते परतले ते दाढी आणि पगडीसह. गणवेशाच्या नियमात दोन्ही बसत नव्हते. त्यांना घरी पाठवण्यात आले.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सुमारे ६,००० शिखांनी शहरात मोर्चा काढला. तिथले खासदार इनॉक पॉवेल यांनी त्याच वर्षी २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये केलेल्या कुप्रसिद्ध भाषणात या मागणीचाही उल्लेख केला. शिखांतही एकमत नव्हते. उगाच शेजाऱ्यांशी वैर नको, असे म्हणणारेही होते. शेवटी सोहनसिंग जॉली यांनी १३ एप्रिल १९६९ ला, वैशाखीच्या दिवशी, स्वतःला जाळून घेण्याची घोषणा केली. चार दिवस आधी, ९ एप्रिलला, बंदी उठली.

जॉलींची ती घोषणा मला आजही पटत नाही. यश मिळाले खरे, पण जीव पणाला लावून मिळवलेल्या गोष्टीत सौद्याचा वास येतो. मला मोठे वाटतात ते संधू. त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती, नोकरी नीट चालली होती, पगडी बांधून पगार वाढणार नव्हता. तरी एका सकाळी ते पगडी बांधून कामावर गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९७६ च्या कायद्याने पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट मिळाली. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने पगडीमुळे एका शीख मुलाला प्रवेश नाकारला, तो मंडला खटला १९८३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेव्हाच्या वंशभेदविरोधी कायद्यात धर्माचा समावेश नव्हता. शीख हा दीर्घ इतिहास आणि स्वतःची परंपरा असलेला वांशिक समूह आहे, असे ठरवून लॉर्ड्सनी मुलाच्या बाजूने निकाल दिला. पगडीला असे संरक्षण मिळाले. पहाटेच्या जपजीला ते लागतच नाही.

जवळच्या गुरुद्वाऱ्यात एकदा जरूर जाऊन या. डोके झाकायला रुमाल न्या, नसला तर दारात मिळतो. जोडे ठेवताना ते घेणाऱ्या हातांकडे पाहा. तो माणूस एरवी डॉक्टर किंवा कारखानदारही असू शकतो. आत कीर्तनाला थोडा वेळ बसा. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नशिबात असेल तर त्यांतले एखादे कानावर पडेल.