वरच्या अंगाचं पाणी

आई नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला आली की पहिल्याच सकाळी नळाखाली तांब्या धरते, पाणी खिडकीशी नेऊन बघते आणि विचारते, "हे कुठलं गं?" जॉर्डन तलावाचं, असं मी दर खेपेला सांगते. "आणि आपलं सांडपाणी?" ते शुद्ध होऊन त्यातलं काही केप फिअर नदीत जातं. "म्हंजे खाली कुणीतरी असंलच." पंचगंगेकाठच्या कुरुंदवाडच्या माणसाला नदी म्हटली की आधी वर कोण ते कळायला हवं, मग खाली कोण.

हे तिला आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी शिकवलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला, आक्काआजीला, खालच्या अंगाला कृष्णेकाठच्या जुगूळला दिलेली. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं मुंबई राज्यात होती. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि जुगूळ म्हैसूर राज्यात गेलं. कृष्णा मात्र होती तशीच वाहत राहिली. उन्हाळ्यात पंचगंगेत वरच्या कारखान्याची मळी सुटली की घाटावर हाकाटी व्हायची. पाणी काळपट, वर फेस, आणि मरळ, वांब, जे असेल ते पोट वर करून तरंगत यायचं. लोक पाट्या घेऊन धावायचे. आबा आमच्या घरच्यांना जाऊ द्यायचे नाहीत, त्यामुळे आईला त्या दिवसाचा नुसता वासच आठवतो.

पुढं ते पाणी संगमावरून कृष्णेत उतरलं की दोन-तीन दिवसांत आक्काआजी हजर. नावेनं खिद्रापूरला उतरायचं, तिथून एसटी. पदराखालून औषधाची जुनी बाटली काढायची, नदीच्या पाण्यानं भरलेली, आणि ओसरीवर ठेवायची. "दादा, तुमच्या गावची घाण हाय, घिऊन आल्ये." तिकडचा अधिकारी तिला म्हणाला होता, कारखाना आमच्या हद्दीत नाही. इकडचा म्हणाला, तुम्ही आमच्या हद्दीत नाही. एक बाटली कोनाड्यात कित्येक वर्षं होती. वरचं पाणी नितळ झालं होतं आणि तळाशी बोटभर काळा गाळ.

१९६९ साली कृष्णेचं पाणी वाटायला बच्छावत लवाद बसला, तेव्हा आबांना वाटलं की आता बाटलीचा विषय निघेल. कुणाला किती पाणी एवढंच ठरलं. कसलं पाणी, हा लवादापुढचा मुख्य प्रश्नच नव्हता. बांधाच्या भांडणात पंच निदान दोन्ही शेतांत पाय ठेवून बघतात, असं आबा म्हणायचे.

हीच गोष्ट मी इथं पुन्हा ऐकली, निराळ्या हेलात. आमच्या पायवाटेवर फिरायला येणाऱ्या एक ऐंशीच्या बाई टेनेसीतल्या हार्टफर्डच्या. त्यांच्या लहानपणी पिजन नदी कॉफीच्या रंगाची होती, तळहात बुडवला की दिसेनासा व्हायचा. वरच्या अंगाला, आमच्या नॉर्थ कॅरोलिनात, कॅन्टनला १९०८ पासून कागदाची गिरणी. कॅन्टनचे लोक त्या दर्पाला पैशाचा वास म्हणायचे. पैसा कॅन्टनला आणि पाणी हार्टफर्डला. आमच्या कॅरीशेजारून जाणारा आय-४० महामार्ग याच नदीच्या घळीतून टेनेसीत उतरतो. खालच्यांनी दावा केला. १९९२ साली ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि पुढं ६५ लाख डॉलरवर तडजोड झाली. गिरणी बंद झाली २०२३ साली.

म्हणजे इथं आम्ही वरचे. पण हवेच्या बाबतीत आमचंच राज्य खालचं. ते कसं, हे सांगायला आधी जॉर्जियाची गोष्ट. टेनेसीच्या डकटाऊन भागात तांब्याचं खनिज भाजताना निघणाऱ्या गंधकाच्या धुरानं सुमारे ५० चौरस मैल डोंगर बोडके झाले. कंपन्यांनी धुराडी उंच केली, तर धूर सरळ जॉर्जियात. (उंच धुराडं म्हणजे दूरचा शेजारी शोधणं.) जॉर्जिया सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०७ साली न्यायमूर्ती होम्स यांनी मानलं की पैशातलं नुकसान थोडं असेल, पण आपल्या डोंगरांवर झाडं राहावीत की नाही आणि आपल्या माणसांनी कसली हवा घ्यावी, यावर राज्याचा शब्द शेवटचा. धूर अडवायला लागल्यावर त्यातून गंधकाम्ल निघालं आणि ते तांब्याइतकंच कमाईचं ठरलं!

हाच निकाल पुढं दोन देशांच्या कामी आला. कॅनडात ट्रेल इथल्या जस्त-शिसं गाळणाऱ्या कारखान्याची धुराडी ४०९ फुटांची, सीमा जेमतेम सात मैलांवर. वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकऱ्यांची पिकं करपली. लवादानं १९३८ साली ७८ हजार डॉलर भरपाई दिली आणि १९४१ साली सांगितलं की आपल्या भूमीचा वापर करून धुरानं दुसऱ्या देशाचं नुकसान करायचा हक्क कुठल्याही देशाला नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय निवाडे पुरेसे सापडेनात, म्हणून जॉर्जियासारख्या शेजारी राज्यांच्या भांडणांचे दाखले घेतले. आक्काआजीला हे कळतं तर ती म्हणाली असती, भांडण बांधावरचंच, बांध मोठा.

आणि तरीही कायदा वरच्याकडे कलतो. १९८७ साली शेजारच्या गिरणीच्या घाणीवरून दावा करणाऱ्या व्हर्मॉन्टच्या लोकांना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गिरणी न्यूयॉर्कची, तर दाव्याला कायदाही न्यूयॉर्कचाच. त्यामागचा हिशेब मला कळतो, पटत नाही. नॉर्थ कॅरोलिनानं २००२ साली स्वतःच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांना शिस्त लावली, मग २००६ साली अशाच केंद्रांच्या धुरावरून टेनेसी खोरे प्राधिकरणावर दावा ठोकला. २००९ साली जिंकलं, २०१० साली अपिलात हरलं. तिथं १९८७चाच निकाल आडवा आला. २०११ साली समझोता झाला, प्राधिकरणानं कोळशावरचे १८ संच बंद करायचं कबूल केलं. हरलेला पक्ष एवढं घेऊन आला, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा आईला हे सगळं सांगितलं, आणि हेही की कॅरीनं जॉर्डन तलावातून जास्त पाणी उचलायचं ठरवलं तेव्हा खालच्या फेयेटव्हिल शहरानं हरकत घेतली होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"बाटली आणली होती का कुणी?"